एमपीएलएस प्रयोगजाळे, नोंद चौथी: तिसऱ्या स्तरावरून दुसऱ्या स्तरावर

एमपीएलएस म्हणजे पॅकेटांना लेबले लावून ती पुढे नेण्याची पद्धत. माझ्या प्रयोगजाळ्यात मागच्या नोंदीपर्यंत तिसऱ्या स्तराचे व्हीपीएन, म्हणजे आयपी पत्त्यांवरून मार्ग काढणारे ग्राहकांचे खासगी जाळे, नीट चालू झाले होते. या वेळी तेच ग्राहक, तेच पत्ते आणि तोच गाभा कायम ठेवून केवळ सेवा बदलली: आता ती दुसऱ्या स्तराची, म्हणजे ग्राहकाच्या इथरनेट फ्रेम जशाच्या तशा वाहून नेणारी. जाळ्यात गाभ्याचे दोन पी राउटर, सेवादात्याच्या कडेचे तीन पीई राउटर आणि ग्राहकांकडील सीई राउटर आहेत. सर्व आभासी यंत्रांवर चालतात.

आधीच्या मांडणीतील एक गोष्ट नोंदवून ठेवतो. दोन्ही ग्राहकांना मुद्दाम १०.१.१.०/२४ हेच जाळे दिले होते. आठ बाइटांचा रूट डिस्टिंग्विशर चार बाइटांच्या पत्त्याआधी जोडला जातो, त्यामुळे पीई ज्यातून एकमेकांना मार्ग कळवतात त्या बीजीपीमध्ये हे दोन मार्ग निराळे राहतात; परंतु कोणता मार्ग कोणत्या व्हीआरएफमध्ये (पीईवरील ग्राहकाच्या स्वतंत्र मार्गतक्त्यात) उतरवायचा हे रूट टार्गेट ठरवते. डिस्टिंग्विशर आणि टार्गेट या दोन्हींना सारखाच आकडा देण्याच्या सवयीमुळे हा फरक झाकला जातो, म्हणून सरावात ते वेगवेगळे ठेवणेच मला योग्य वाटते.

आता स्यूडोवायर, म्हणजे दोन ठिकाणांना जोडणारी आभासी इथरनेट तार. पहिल्या ग्राहकाच्या दोन ठिकाणांमध्ये एलडीपीने (लेबले कळवणाऱ्या प्रोटोकॉलने) संकेतन होणारी वायर जोडताच पीईवरील त्या ग्राहकाचे सर्व मार्ग नाहीसे झाले आणि दोन सीई ओएसपीएफ या राउटिंग प्रोटोकॉलमध्ये एकमेकांचे थेट शेजारी बनू लागले. प्रत्येक सीईवर दोनशे स्थिर मार्ग ओएसपीएफमध्ये वाटलेले होते. तिसऱ्या स्तरावर हे ओझे पीई उचलत होता. इथे त्याला त्याची खबरही नव्हती.

मात्र शेजार पूर्ण होईना. एका सीईवर एक्सस्टार्ट आणि दुसऱ्यावर एक्सचेंज अशी शेजार पूर्ण होण्याआधीची अवस्था अडकून राहिली, पिंग मात्र व्यवस्थित जात होता. स्यूडोवायरही चालू दिसत होती, कारण एलडीपीमध्ये जुळवून पाहिला जाणारा एमटीयू (पॅकेटच्या आकाराची कमाल मर्यादा) ग्राहकाकडील इंटरफेसचा असतो, गाभ्यातील दुव्यांचा नव्हे. गाभ्यात मी १५०८ ठेवला होता, कारण तिसऱ्या स्तरावर दोन लेबलांचे आठ बाइटच वाढतात. दुसऱ्या स्तरावर ग्राहकाची संपूर्ण फ्रेम वाहून न्यावी लागत असल्याने इथरनेट शीर्षाचे १४, फ्रेमआधी जोडल्या जाणाऱ्या कंट्रोल वर्डचे ४ आणि लेबलांचे ८ असे २६ बाइट वाढतात, म्हणजे १५२६ लागतात. ‘डोन्ट फ्रॅगमेंट’ (पॅकेट तोडू नये) ही खूण लावून पिंगचा आकार वाढवत नेला, तेव्हा १४८२ बाइटांचे आयपी पॅकेट पोहोचले आणि १४८३ चे नाही. तिथे उलगडा झाला. दोनशे मार्गांच्या यादीमुळे ओएसपीएफची डेटाबेस-वर्णन पॅकेटे जवळपास १५०० बाइटांची होत होती आणि वाटेतच गळत होती. गाभ्याचा एमटीयू १६०० केल्यावर शेजार लगेच ‘फुल’ झाला.

कंट्रोल वर्ड काढून चार बाइट वाचवण्याचा मोह झाला होता, पण तो आवरला. लेबलांच्या तळाशी असलेल्या मजकुराची पहिली चार बिटे पाहून काही पी राउटर आतले पॅकेट ओळखतात. कंट्रोल वर्ड नसेल तर तिथे फ्रेमचा गंतव्य मॅक पत्ता येतो; तो ४ किंवा ६ ने सुरू झाला, तर ते फ्रेमला आयपी समजून एकाच प्रवाहाची पॅकेटे वेगवेगळ्या वाटांनी पाठवतात व क्रम बिघडतो. कंट्रोल वर्ड शून्याने सुरू होत असल्याने हा गैरसमज टळतो.

आपले राउटिंग स्वतः सांभाळणाऱ्या ग्राहकाला मी वायर देईन. ज्याची ठिकाणे पुष्कळ आणि माणसे थोडी, त्याला व्हीआरएफ. तिसरे ठिकाण जोडायला एक वायर पुरत नाही, म्हणून त्या ठिकाणच्या पीईवर आता व्हीपीएलएस (अनेक ठिकाणांना एकाच आभासी स्विचसारखे जोडणारी सेवा) उभारण्यास सुरुवात केली आहे. स्प्लिट होरायझन (एका स्यूडोवायरवरून आलेली फ्रेम दुसऱ्या स्यूडोवायरवर न पाठवण्याचा नियम) मुद्दाम बंद करून ब्रॉडकास्ट फ्रेम कशा फिरत राहतात, हे आधी पाहणार आहे.