राजहराचे डोंगर आणि पन्नास वर्षांची प्रतीक्षा

आमच्या लालबागच्या घरातून दर मे महिन्यात एक प्रवास ठरलेला असे: रात्री दादरला हावडा मेल पकडायची आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आजच्या छत्तीसगढमधल्या दुर्गला आत्याकडे उतरायचे. आतोबा दुर्गजवळच्या भिलाईच्या पोलाद कारखान्यात रूळ तयार करणाऱ्या मिलमध्ये होते. ज्या रुळांवरून तुम्ही आलात त्यांतले काही आमच्याच हातचे असतील, हे त्यांचे वाक्य आम्ही दरवर्षी ऐकत असू. भारतीय रेल्वेच्या रुळांचा फार मोठा हिस्सा भिलाईतच तयार होत असल्यामुळे त्यात अतिशयोक्तीही नव्हती.

मुंबईत पोलादाचा इतिहास म्हटला की जमशेदपूरचे नाव निघते. १९०७ मध्ये टाटांच्या पोलाद कंपनीचे भाग विक्रीस निघाले तेव्हा फोर्टमधील त्यांच्या कचेरीपुढे लोकांची रीघ लागली आणि जेमतेम तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार भारतीयांनी सगळे भांडवल उभे करून दिले, ही कथा आपण अभिमानाने सांगतो. मात्र तिचे आधीचे प्रकरण दुर्गच्या डोंगरांत घडले होते, हे सहसा कोणी सांगत नाही. दोराबजी टाटा आणि अमेरिकन भूगर्भतज्ज्ञ वेल्ड प्रथम चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, लोहाऱ्याचे खनिज पाहण्यास गेले होते. तेथे मोठ्या कारखान्यास पुरेल इतके खनिज नाही असे ठरल्यावर दोराबजी निराश होऊन नागपूरला आले. सचिवालयासमोरच्या संग्रहालयात ते सहज शिरले असता मध्य प्रांताच्या भूगर्भीय नकाशावर दुर्ग भागात लोखंडाची गडद खूण त्यांना दिसली. ती नोंद भूगर्भतज्ज्ञ प्रमथनाथ बोस यांनी १८८७ च्या सुमारास केलेल्या पाहणीची होती. दल्ली आणि राजहराच्या डोंगरांवर हे लोक चढले तेव्हा पायाखालचा दगड धातूसारखा वाजत होता, असे वर्णन आढळते.

खनिज उत्तम होते. परंतु कोक करण्याजोगा कोळसा फार दूर होता आणि मोठ्या कारखान्यास लागणारे पाणी जवळपास नव्हते. १९०४ मध्ये बोस यांनीच मयूरभंज संस्थानातील गोरुमहिसाणीच्या खनिजाविषयी टाटांना पत्र लिहिले. तेथून झरियाचा कोळसा जवळ पडत होता, तर साकचीजवळ, म्हणजे पुढच्या जमशेदपुरात, सुवर्णरेखा आणि खरकाई या नद्यांचा संगम होता, त्यामुळे कारखाना तिकडे गेला. ज्या माणसाने दुर्गला नकाशावर आणले त्याच्याच पत्राने दुर्गची संधी हुकली, याची मला गंमत वाटते. दुर्ग १९०६ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला तो शेतीचाच जिल्हा म्हणून, आणि पुढची पन्नास वर्षे त्याची ओळख भातशेतीचीच राहिली.

२ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला तेव्हा दुर्ग आणि नागपूर एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूर होती. खनिज जागचे हलले नव्हते, कोळसाही जवळ आला नव्हता. आता कारखाना सरकारी होता आणि मागासलेल्या प्रदेशात उद्योग न्यायचा हे धोरण होते, म्हणून झरिया-बोकारोकडून कोळसा आणण्याचा खर्च सोसण्यासारखा मानला गेला. मुंबई-हावडा लोहमार्ग दारातून जात होता, चुनखडी नंदिनीला वीस-पंचवीस किलोमीटरवर होती आणि पाण्यासाठी तांदुळा जलाशय होता. दल्ली-राजहरापर्यंत नवा फाटा टाकण्यात आला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते खनिजापासून लोखंड वितळवून काढणाऱ्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. वर्षाला दहा लाख टनांची मूळ क्षमता पुढे पंचवीस लाख आणि नंतर चाळीस लाख टनांवर गेली.

कारखान्याच्या वसाहतीत आत्याच्या सेक्टरमधले रुंद रस्ते, शाळा आणि मोठे रुग्णालय पाहून लालबागच्या चाळीतल्या आम्हा मुलांना हेवा वाटे. राजहरात खनिज हाताने फोडणाऱ्या कंत्राटी मजुरांच्या वाट्याला मात्र त्यातले फारसे काही आले नव्हते, हे मला पुष्कळ उशिरा कळले. १९७७ मध्ये शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली त्यांची संघटना उभी राहिली आणि त्याच वर्षी पोलिसांच्या गोळीबारात अकरा जण मारले गेले. यंत्रे पूर्णपणे येऊन सगळ्यांचे काम जाण्यापेक्षा अर्धे काम यंत्राने व अर्धे हाताने व्हावे, असा त्यांचा आग्रह होता. १९८२ च्या संपानंतर आमच्या गिरणगावात जे घडले ते पाहता, ही मागणी किती पुढचा विचार करणारी होती हे मला पटते. १९८३ मध्ये मजुरांनी स्वतःच्या वर्गणीतून शहीद रुग्णालय उभारले. २८ सप्टेंबर १९९१ रोजी नियोगींची भिलाईत गोळ्या घालून हत्या झाली.

२०१२ मध्ये जिल्ह्याचे विभाजन झाले आणि राजहराचे डोंगर बालोद जिल्ह्यात गेले, त्यामुळे आजच्या दुर्गात भट्ट्या आहेत, पण त्यांना पोसणारे लोहखनिज नाही. ते डोंगरही आता पोखरून झाले आहेत. म्हणून राजहरापासून दक्षिणेकडे रावघाटच्या नव्या खाणींकडे लोहमार्ग नेण्याचे काम हाती घेण्यात आले.