कोकणकडा फोटोत बुटका का दिसतो?

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभं राहिलं की पोटात गोळा येतो. घरी येऊन फोटो उघडला की तोच कडा एखाद्या खाणीच्या कडेसारखा दिसतो. दोष कॅमेऱ्याचा नसतो. कड्याच्या मधोमध उभं राहून १६ मिमीची वाइड लेन्स खाली रोखली की असंच होणार. ती पायाजवळचा दगड फुगवते आणि पलीकडची भिंत आक्रसून टाकते.

कडा घोड्याच्या नालेसारखा आत वळलेला आहे, ते वळण वापरा. एका टोकाला जा आणि समोरची भिंत ३५ ते ७० मिमीमध्ये घ्या. पलीकडच्या काठावर दोन माणसं असतील तर सोन्याहून पिवळं. मुंगीएवढी माणसं दिसली की उंची सांगावी लागत नाही. फक्त अंगात पिवळा किंवा लाल रेनकोट हवा, काळं जॅकेट काळ्या कातळात हरवतं. सगळी भिंत मावत नसेल तर वाइड लेन्स लावण्याऐवजी कॅमेरा उभा धरून पाच-सहा फ्रेमचा पॅनोरामा करा. प्रत्येक फ्रेम आधीच्या फ्रेमवर साधारण एक तृतीयांश चढली पाहिजे. एक्स्पोजर, फोकस, व्हाइट बॅलन्स तिन्ही मॅन्युअल ठेवा, नाहीतर जोडताना आकाशात पट्टे पडतात. पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) लावलेला असेल तर तोही काढा, कारण पट्टे तोही पाडतो.

प्रकाशाचं गणित सोपं आहे. कड्याचं तोंड पश्चिमेला, म्हणजे सकाळी भिंत सावलीत आणि आकाश उजळ. तेव्हा भिंतीचा फोटो घेणं म्हणजे नुसती झटापट. ऑक्टोबरात साडेचार ते साडेपाचच्या दरम्यान ऊन वरून तिरकं उतरतं आणि बेसाल्टच्या प्रत्येक आडव्या थराखाली सावलीची रेघ ओढली जाते. या रेघांमुळेच भिंतीला खोली येते. सूर्य क्षितिजाला टेकला की रंग सुंदर होतो, पण मधल्या भागावर ऊन थेट समोरून पडतं आणि थर सपाट होतात. त्या वेळी नालेच्या दोन्ही बाजूंकडे वळा, तिथे ऊन अजून कातळाला घासून जात असतं. टोकावरून कड्याच्या रेषेत पाहताना सूर्य जवळजवळ काटकोनात असतो, म्हणून पोलरायझर इथे पुरेपूर काम करतो. ओल्या कातळावरची आणि गवतावरची पांढरी चमक जाते. बदल्यात दीड-दोन स्टॉप प्रकाशही जातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा).

सप्टेंबरात सोनकी फुलते तेव्हा फुलं पुढे आणि कडा मागे अशी फ्रेम सगळ्यांनाच हवी असते. फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २४ मिमी, अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं छिद्र एफ/११ आणि फोकस १.८ मीटरवर ठेवला तर साधारण ९० सेंटीमीटरपासून अनंतापर्यंत सगळं बऱ्यापैकी स्पष्ट येतं. एफ/२२ वर जाऊ नका, डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून प्रकाश पसरतो) कातळाचा पोतच मऊ होतो. फुलं वाऱ्याने हलत असतील तर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४०० ते ८०० करून शटर १/२५० सेकंदापर्यंत न्या. थोडा नॉइज (दाणेदारपणा) चालतो, पुसटलेली फुलं चालत नाहीत. आणि फुलांत ट्रायपॉड रोवू नका, पायवाटेवर बसूनही ही फ्रेम मिळते.

धुकं असताना कॅमेऱ्याचा मीटर फसतो. पांढऱ्याला तो राखाडी करतो, म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +०.७ ते +१ द्या आणि हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) उजव्या कडेला चिकटत नाही ना ते बघा. धुकं मिनिटभरच फाटतं. फ्रेम लावून, भिंत दिसली तेव्हाच फोकस करून तो मॅन्युअलवर लॉक करून थांबा. ऑटोफोकस धुक्यात नुसता भिरभिरतो.

इथली खरी कटकट मात्र वारा. तो दरीतून वर येतो, त्यामुळे पावसाचे थेंबही खालून वर येतात आणि लेन्स हुडचा उपयोग शून्य. झिप पिशवीत तीन-चार कोरडी मायक्रोफायबर फडकी ठेवा. ओल्या फडक्याने पुसलं तर काचेवर पाण्याचा पातळ थर राहतो आणि सगळा फोटो दुधाळ येतो. ट्रायपॉडचा मधला दांडा खाली, पाय फाकवून बुटके. हुकाला सॅक लटकवायची तर तिचा तळ जमिनीला टेकलेला हवा. अधांतरी सॅक झोके घेते आणि ट्रायपॉडलाही हलवते. शेवाळलेल्या काठाशी उभं राहण्यापेक्षा पालथं पडून काम करा, कॅमेऱ्याचा पट्टा मनगटाला. ड्रोन मात्र घरीच राहू दे: हा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही.

सकाळ अगदी वाया जाते असंही नाही. सूर्य पाठीशी आणि दरीत धुकं असेल तर इंद्रवज्र दिसू शकतं: धुक्यावर आपली सावली आणि भोवती रंगीत कडं. हे कडं लहान असतं, ५० मिमीच्या आसपास घ्या. वाइडमध्ये ते बांगडीएवढं उरतं.

एडिटिंगमध्ये डीहेझ (धूसरपणा कमी करणारा स्लायडर) १५-२० च्या पुढे नेला की कड्याच्या रेषेवर पांढरी झालर उमटते. १०० टक्के झूम करून तीच रेषा आधी तपासा. पावसाळी हिरवा तर सॅच्युरेशन न वाढवताही भडक येतो. तो उलट १०-१५ ने खाली आणा आणि पिवळ्याची ल्युमिनन्स (उजळपणा) किंचित वाढवा.

मुक्कामाला पायथ्याच्या पाचनई गावाहून चढणार असाल तर दुपारी तीनपर्यंत कड्यावर पोहोचा. अंधारात गडावरच्या हरिश्चंद्रेश्वर मंदिराकडे परतायचंय, हेडलॅम्पचे सेल कॅमेऱ्याच्या बॅटरीइतकेच लक्षात ठेवून घ्या.