कुंईं आवाजामागची वायर

मे महिना, जळगाव, दुपारचे तीन. "काय भो, रेस दिली की डब्यात कोंडलेल्या माशीसारखी कुंईं करते," म्हणत रावेरकडचे एक केळीचे व्यापारी गाडीतल्या स्पीकरची तक्रार घेऊन माझ्याकडे आले. गाणी वाजवणारा कंपनीचाच टचस्क्रीन डेक, ड्रायव्हरच्या सीटखाली चार चॅनेलचा अ‍ॅम्प (आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर), प्रत्येक चॅनेल ५० वॉट. फिटिंग दुसरीकडचं.

इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी कुंईं अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरची असते. ती शिरते कुठून, एवढंच शोधायचं. अ‍ॅम्पच्या आरसीए पिना (सिग्नल आत आणणाऱ्या वायरींच्या) उपसल्या, आवाज बंद. म्हणजे तो सिग्नलच्या वाटेने येत होता.

कंपनीच्या डेकला बहुधा आरसीए आउटपुट नसतो. स्पीकरच्या वायरींवरून सिग्नल घेऊन तो कमी करणाऱ्या कन्व्हर्टरमधून अ‍ॅम्पला द्यावा लागतो, आणि गडबड होते ती इथेच. मीटर डीसीवर ठेवून एक टोक बॉडीला, दुसरं स्पीकरच्या प्लस वायरीला लावलं: सहा व्होल्ट. मायनस वायरीला लावलं: तिथेही सहा. दोघींच्या मध्ये शून्य. अशा डेकमध्ये मायनस म्हणजे अर्थ (गाडीची बॉडी) नव्हे. दोन्ही वायरींवर अर्धा अर्धा सिग्नल उलटसुलट धावत असतो. आधीच्या फिटरने कन्व्हर्टरच्या मायनस वायरी सरळ बॉडीला बांधल्या होत्या. सिग्नल अर्धाच मिळाला, गाणं बारीक वाटलं, म्हणून गेन (सिग्नल किती वाढवायचा तो स्क्रू) शेवटपर्यंत फिरवला. बॉडीतून आलेली कुंईंही त्याबरोबर वाढली. डेकची चिप जळली नाही, हे त्या व्यापाऱ्यांचं नशीब.

अ‍ॅम्पचा अर्थ सीटबेल्टच्या बोल्टखाली, तोही रंगावरच. गाणं चालू ठेवून अ‍ॅम्पचं अर्थ टर्मिनल आणि बॅटरीचा मायनस यांच्यात मोजलं तर ०.७ व्होल्ट, ०.१ च्या वर गेलेला मला चालत नाही. सीटबेल्टच्या बोल्टला हात लावणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो. तो बोल्ट माणसाचा जीव धरून असतो.

मग पॉवरची वायर मागून पुढे चाचपत गेलो. बॉनेट उघडलं, बॅटरीपाशी फ्यूज शोधला. नव्हताच. अ‍ॅम्पवरचा फ्यूज अ‍ॅम्प वाचवतो, पाच मीटर वायर नाही. शिवाय वायर फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, धारदार भोकातून ग्रोमेटशिवाय (भोकाची कड झाकणाऱ्या रबरी रिंगशिवाय) ओढलेली. पत्र्याच्या धारेवर घासून प्लास्टिक मसुराच्या डाळीएवढं उडालं होतं आणि आत तारा चमकत होत्या. ब्लेडने खरवडलं तर तांब्याच्या मुलाम्याखाली पांढरं ॲल्युमिनियम. वर छापलेलं '४ गेज' (आकडा जितका लहान, तितकी वायर जाड), जाडी सगळी प्लास्टिकची. ती धार आणखी थोडी आत गेली असती, तर बॅटरीचे शेकडो अँपिअर त्या पत्र्यातून वाहिले असते. गाडी पेटल्यावर लोक म्हणाले असते, "४५ डिग्री ऊन आहे, पेटणारच."

बॅटरीचा मायनस आधी काढला. शुद्ध तांब्याची ८ गेज वायर, ग्रोमेट, त्यावर जाळीदार नळी, बॅटरीपासून वीतभर अंतरावर ४० अँपिअरचा फ्यूज. फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आतच हवा. सीटखालचा रंग घासून उघडा पत्रा काढला, वायरीच्या टोकाला दाबून बसवलेला लग (धातूची कडी) बोल्टने आवळला, वर गंज न लागण्यासाठी ग्रीस. सीटबेल्टचा बोल्ट कंपनीच्या टॉर्कवर परत आवळला. कन्व्हर्टरच्या चारही जोड्या स्पीकरच्या आपापल्या प्लस-मायनसवर घेतल्या. सिग्नल एका बाजूने, पॉवर दुसऱ्या बाजूने.

गेन कानाने लावायचा नसतो. स्पीकर सुटे केले, डेकचा आवाज चाळीसपैकी तीसवर, कारण त्यापुढे ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर सिग्नलची लाट चपटी व्हायला, म्हणजे आवाज फाटायला लागला. १ किलोहर्ट्झचा टोन लावला. ५० वॉट गुणिले स्पीकरचे ४ ओहम म्हणजे २००, त्याचं वर्गमूळ १४.१. अ‍ॅम्पच्या आउटपुटवर तेवढे व्होल्ट एसी दिसले की थांबायचं. स्क्रू जेमतेम पाव फेरा फिरला. अर्थावरचा फरक ०.०४ झाला.

व्यापारी आवाज ऐकून खूश झाले. वायरीचा तो घासलेला तुकडा दाखवला तर म्हणाले, "हो का? पण कुंईं गेली ना भो." माझ्या डोक्यातून मात्र तो तुकडा जात नाही. अर्थ नीट लागला असता, कन्व्हर्टर बरोबर जोडला असता, तर कुंईं झाली नसती आणि ते माझ्याकडे आलेही नसते.

परवा त्याच फिटरकडची दुसरी गाडी आली. आवाज स्वच्छ, तक्रार फक्त बेस कमी असल्याची. मी आधी बॉनेट उघडलं.