अ‍ॅटलिन : पुसलेल्या मतदारसंघातून गाडीने

अ‍ॅटलिन आहे कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, पण गाडीने जायचं तर शेजारच्या युकॉनमधूनच. व्हाइटहॉर्सहून अलास्का हायवेने जेक्स कॉर्नर, मग दक्षिणेला साधारण 95 किलोमीटर. 1898 च्या सोन्यामुळे वसलेलं हे तळ्याकाठचं गाव. 1903 च्या निवडणुकीपासून प्रांतिक विधानसभेत त्याच्या नावाची जागा होती, ती 1991 मध्ये गेली.

इतकी वर्षं ती टिकली कशी, ते गाडीचं मीटर सांगतं. याच मतदारसंघातल्या डीझ लेकला जायला पुन्हा युकॉनमध्ये शिरून, वॉटसन लेकच्या 22 किलोमीटर अलीकडे हायवे 37 धरायचा. एकूण सुमारे 675 किलोमीटर. सरळ रेषेत अडीचशेही नाहीत. टाकी प्रत्येक पंपावर भरा. डीझ लेकहून टेलिग्राफ क्रीकचा 113 किलोमीटरचा रस्ता खडीचा आहे, काही उतार 20 टक्क्यांचे, म्हणजे पाच मीटर पुढे गेलात की एक मीटर खाली. कठडे नाहीत. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच उतरा. ब्रेक दाबत उतरलात तर ते तापतात आणि ऐन वळणावर दगा देतात. पावसात जाऊच नये.

उमेदवार अशाच मुलखात मतं मागत फिरायचे. 1949 मध्ये इथून निस्गा या मूळ रहिवासी समाजाचे फ्रँक कॅल्डर निवडून आले. कायद्याने ‘इंडियन’ म्हणून नोंद असलेले प्रांतिक विधानसभेतले ते पहिलेच. मूळ रहिवाशांना या प्रांतात मताचा हक्क मिळाला तोही त्याच वर्षी. 1979 मध्ये कॅल्डर हरले ते एका मताने, आणि त्या दिवशी त्यांनी स्वतः मत दिलंच नव्हतं!

जागा गेली ती लोकसंख्येमुळे. 1986 च्या जनगणनेत अ‍ॅटलिन मतदारसंघात माणसं 5,511, तर याच प्रांतातल्या सरे-न्यूटन मतदारसंघात 68,347; म्हणजे इथलं एक मत तिथल्या बारांच्या तोलाचं. 1989 मध्ये न्यायमूर्ती बेव्हर्ली मॅक्लॉक्लिन यांनी ही विषमता घटनाबाह्य ठरवली. निकाल बरोबरच होता; पण टेलिग्राफ क्रीकच्या वाटेवर तो पटवून घेणं जड जातं.

कॅल्डरांचं नास खोरं पाहायला टेरेसहून उत्तरेला जा. रस्ता थेट काळ्या लाव्ह्यातून जातो. त्याचा क्रमांक 113 : निस्गांनी जमिनीच्या हक्कासाठी झगडलेली, 1887 ते 2000 ही वर्षं.