कोंबडीचा बटवा

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही हे खरं, पण आमच्याकडे गेल्या माघापासून उजाडल्यावर पहिलं काम कोंबड्यांचंच असतं. खुराड्याचं दार जेमतेम किलकिलं करायचं, बाहेर पडायला धडपडणाऱ्या तिघींपैकी एकेकीला काखेत धरायचं आणि गळ्याच्या बुडाशी, जरा तिच्या उजव्या अंगाला, बोटांनी चाचपायचं. रिकामं लागलं की सोडून द्यायचं. शेजारच्या आक्का कुंपणापलीकडून बघत असतात. "काय गं, झाली का झडती?"

झडतीच ती. कोंबडी दिवसभर टिपते ते सगळं आधी तिथल्या पिशवीत जमा होतं. पुस्तकात तिला अन्नपिशवी म्हणतात, मी बटवा म्हणते. तिथे काही पचत नाही, दाणा नुसता भिजतो आणि मऊ होतो. कोंबडीला दात नाहीत, तेव्हा दळायचं काम पुढे पेट्यात. दुकानात कलेजीबरोबर मिळतो तोच हा पेटा. गिळलेले बारीक खडे हेच तिथलं जातं. संध्याकाळी बाई झोपायला चढतात तेव्हा बटवा चांगला मोठ्या लिंबाएवढा फुगलेला असतो, आणि रात्रभर थोडं थोडं खाली उतरून सकाळी सपाट होतो. म्हणून झडती सकाळीच, पहिला दाणा टाकायच्या आधी घ्यायची. संध्याकाळी भरलेला बटवा पाहून घाबरण्यात अर्थ नाही. मला या व्यवस्थेचा हेवाच वाटतो. आमच्या मामंजींना रात्रीची भजी पचली की नाही, हे दुपारपर्यंत कुणाला कळत नाही.

माघातल्या त्या सकाळी तांबडी दाण्याकडे आलीच नाही. पिसं फुलवून, मान आखडून कोपऱ्यात उभी. हात लावला तर बटवा टणक, रात्रभर उघड्यावर राहिलेल्या कणकेच्या गोळ्यासारखा. मग काय, ज्याला त्याला औषध ठाऊक! कुणी म्हणालं मानमोडी आली, बाकीच्या दोघी आधी वेगळ्या करा. कुणी लसूण ठेचून द्यायला सांगितलं, कुणी ताक. समोरचे काका म्हणाले, "पाय धरून उलटी करा अन् पिशवी पिळा, भडाभडा सगळं बाहेर येतंय." सांगणाऱ्याच्या आवाजात इतका विश्वास होता की मी तिचे पाय धरलेसुद्धा. तिनं माझ्याकडे एका डोळ्यानं असं पाहिलं, की सोडून दिले.

आक्कांचा उपाय सौम्य होता. "तेल दे थोडं, अन् हळू हळू चोळ." खोबरेल तेलाची बाटली थंडीनं गोठलेली, ती उन्हात ठेवून पातळ होईपर्यंत मी तांबडीला मांडीवर घेऊन बसले. चोचीच्या कडेला दोन थेंब, ती आपण होऊन गिळेपर्यंत थांबायचं, मग दोन थेंब. वर पाणी. आणि बटवा दोन बोटांत धरून चोळायचा. पोळ्यांची कणीक तिंबते त्या सवयीनं पहिला दाब जरा जास्तच पडला. तिनं मान झटकली तेव्हा लक्षात आलं, की इथे लोण्याच्या गोळ्याला लावावा तसा हात हवा. दर दोन-तीन तासांनी पाच-दहा मिनिटं. दाणा पूर्ण बंद. संध्याकाळपर्यंत गोळ्याची धार बोथट झाली आणि आत काहीतरी चरचरीत, दोऱ्यांसारखं लागू लागलं.

दुसऱ्या दिवशी डालग्यात घालून, स्कूटरवर पुढे ठेवून तिला जनावरांच्या दवाखान्यात नेली. रांगेत दोन गाई, एक शेळी आणि आम्ही. शेळीवाले म्हणाले, "कोंबडीला कशाला डॉक्टर, रस्सा करायचा." सगळे हसले, मीही हसले, पण डालग्यावरचा हात काढला नाही.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी चोच उघडून आधी वास घेतला. आंबूस वास येऊन पिशवी पाण्याच्या फुग्यासारखी लिबलिबीत लागली असती, तर गोष्ट वेगळी होती म्हणाले. त्यात कॅन्डिडा नावाची बुरशी वाढलेली असते, तिथे चोळून आणि तेल पाजून काही होत नाही, बुरशीचं औषध लागतं. काकांचा उपाय सांगितला तेव्हा मात्र ते एकदम गंभीर झाले. श्वासनळीचं तोंड जिभेच्या लगेच मागे असतं, उलटं धरलं की पिशवीतलं पाणी तिथून फुप्फुसात जातं आणि कोंबडी हातातच जाते. घरी ब्लेडनं पिशवी चिरून शिवणारे महाभागही त्यांनी पाहिलेत. कापायची वेळ आलीच तर भूल देऊन, आतली पिशवी आणि वरचं कातडं वेगवेगळं शिवावं लागतं. "दोन दिवसांत उतरलं नाही तर परत आणा, मी करतो."

मग त्यांनी विचारलं, "हिला खडे कुठून मिळतात?"

मी गप्प. गेल्या दिवाळीआधी आम्ही अख्ख्या अंगणाला फरशी बसवून घेतली होती. चिखल नको म्हणून. सगळ्यांनी केवढं कौतुक केलं होतं. पेट्यात जातंच नाही म्हटल्यावर वरचा माल खाली कसा सरकणार? आणि माल तरी कसला, तर आदल्या दिवशीच्या आमटीतल्या शेवग्याच्या शेंगांचा चोथा. मामंजी शेंग अगदी मनापासून चावतात आणि चोथा खिडकीतून परसात भिरकावतात. तांबडी खिडकीखाली वाट पाहत असते. दोघांचं जुनं सख्य आहे.

त्या रात्री तिचा मुक्काम मोरीत, डालग्याखाली, नुसत्या पाण्यावर. सकाळी बटवा अर्ध्यावर आला होता. तिसऱ्या दिवशी सपाट. भिजवलेल्या भाकरीचा चुरा दिला तर तिनं तो चोचीनं उडवला आणि पहिल्यांदा माझ्यावर ओरडली. इतकं बरं वाटलं त्या ओरडण्यानं!

आता खुराड्यापाशी एका घमेल्यात जाड वाळू असते, बारीक खड्यांसकट. कोपऱ्यातल्या चार फरश्या काढायला लावल्यात. गवंड्याला कारण सांगितलं तेव्हा त्यानं ते पुन्हा सांगायला लावलं. शेवग्याची आमटी असली की मामंजी चोथ्यासाठी वेगळी वाटी मागून घेतात, शेवटी ती स्वतः उचलून कचऱ्याच्या डब्यात रिकामी करतात, आणि सकाळी चहाचा कप घेऊन खुराड्याशी येतात. "उतरलं का?" विचारतात. कुणाचं, ते सांगत नाहीत.

आज तिघींचेही बटवे रिकामे निघाले. काळीनं तेवढी माझ्या बांगडीला चोच मारून पाहिली.