दोन अँप एकत्र लावल्यावर येणारी घूं

माझ्याकडे गिटारचे दोन अँप, म्हणजे अँप्लिफायर: एक छोटा ट्यूब (काचेच्या नळ्यांचा) आणि एक सॉलिड स्टेट (ट्रान्झिस्टरचा). पहिल्याचा किंचित फाटलेला आवाज आणि दुसऱ्याचा स्वच्छ, असे दोन्ही एकाच वेळी ऐकायची फार दिवसांची इच्छा होती. वाय-केबलने, म्हणजे एका टोकाची दोन टोकं करणाऱ्या केबलने, गिटार दोन्हींना जोडली आणि खोलीत घूंऽऽ सुरू झाली. तार छेडायच्या आधीच.

संशय आधी गिटारवर गेला. माझ्या गिटारला सिंगल कॉइल पिकअप आहेत, म्हणजे तारांची कंपनं पकडून सिग्नल बनवणारी एकेरी वेटोळी. ट्यूबलाइटचा चोक, पंख्याचा रेग्युलेटर, सगळ्यांची गुणगुण ते ओढून घेतात. पंखा बंद केला, तोंड फिरवून बसलो, काही फरक नाही. मग गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणला. घूं तशीच! म्हणजे पिकअपचा दोष नव्हता. एका अँपची केबल उपटली, शांत. ती लावून दुसऱ्याची उपटली, तरी शांत. दोन्ही जोडले की मात्र घूं हजर.

तेव्हा उलगडा झाला. दोन्ही अँप तीन पिनी प्लगमधून अर्थिंगला जोडलेले, आणि गिटारच्या केबलच्या शील्डमधूनही (आतल्या तारेभोवतीच्या जाळीतूनही) एकमेकांना जोडलेले. अर्थिंगचं एक वर्तुळ तयार झालं होतं. त्या वर्तुळात विजेच्या 50 हर्ट्झचा प्रवाह फिरतो आणि अँप त्यालाच सिग्नल समजून मोठा करतो. दोन वेगळ्या भिंतींवरचे सॉकेट सोडून दोन्ही अँप एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घेतले, तर घूं बरीच उतरली. पण गेली नाही.

एका मित्राने एका अँपची अर्थिंगची पिन काढून टाकायला सांगितलं. घूं जाते हे खरं, पण हे कधीही करू नका. त्या अँपमध्ये फेज बॉडीला लागला, तर करंटला वाट उरते ती फक्त गिटारच्या केबलची, आणि आपला हात तारांवर असतो. ‘स्टोन द क्रोज’ या ब्रिटिश बँडचा गिटारवादक लेस हार्वी 1972 साली वेल्समधल्या स्वान्झीच्या स्टेजवर अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून शॉकने गेला.

वर्तुळ तोडायचं ते सिग्नलच्या बाजूने. पत्र्याच्या डबीत एक बफर (पिकअपवर भार न टाकता सिग्नल पुढे देणारं छोटं सर्किट) बसवला; पहिला आउटपुट सरळ, दुसरा 10 के : 10 के ऑडिओ ट्रान्सफॉर्मरमधून. ट्रान्सफॉर्मरमधून आवाज चुंबकाच्या मार्गाने पलीकडे जातो, तारेचा थेट संबंध राहत नाही. बफर हवाच, नाहीतर पिकअपवर भार पडून आवाजाची धार बोथट होते.

जोडलं, आणि घूं पुन्हा तीच. अख्खी संध्याकाळ त्यात गेली. ट्रान्सफॉर्मर बरोबर, सोल्डरिंग बरोबर. शेवटी मल्टिमीटर लावला तेव्हा सापडलं: दुसऱ्या आउटपुटचा जॅक (केबल खुपसायची खोबण) धातूचा होता, पत्र्याला टेकलेला. ट्रान्सफॉर्मरने तोडलेलं अर्थिंग डबीच्या पत्र्यातून परत जुळत होतं. प्लॅस्टिक बॉडीचा जॅक बसवला आणि घूं गेली.

वाजवायला घेतलं तर आवाज पोकळ, खर्ज गायब. दोन्ही अँपचे स्पीकर एकमेकांच्या उलट हलत होते. एक पुढे येताना दुसरा मागे. ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या बाजूच्या दोन तारा अदलाबदल केल्या. आता सहावी तार छेडली की जमिनीतून पायापर्यंत जाणवते, आणि हात ठेवून ती थांबवली की पिकअपची बारीक गुणगुण सोडली तर खोलीत फक्त पंखा ऐकू येतो.