बाटलीवरचं २०

आज अख्खी संध्याकाळ एका गणितात गेली आणि चूक काय तर दोनाने भागायचं राहिलं, बस्स.

गणित तसं साधंच. एक लिटर द्रावणात ६० ग्रॅम हायड्रोजन पेरॉक्साइड आहे, सगळ्याचं विघटन झालं तर एसटीपीला (शून्य अंश तापमान आणि एक वातावरणाचा दाब) ऑक्सिजन किती लिटर निघेल. पेरॉक्साइडचा एक मोल, म्हणजे रेणूंचा ठरलेला गठ्ठा, ३४ ग्रॅमचा, म्हणून मी लगेच ६० भागिले ३४ केलं, आले १.७६ मोल, आणि एक मोल वायू २२.४ लिटर भरतो म्हणून त्याला २२.४ ने गुणलं, ३९.५ लिटर, चला पुढचं. पुस्तकात मागे उत्तर बघितलं तर १९.८! परत केलं, परत तेच, मग छापण्यात चूक असेल असं स्वतःला पटवून पण झालं.

समीकरण लिहिलंच नव्हतं ना मी. दोन मोल पेरॉक्साइड तुटतं तेव्हा दोन मोल पाणी आणि एकच मोल ऑक्सिजन मिळतो, कारण दोन रेणूंत मिळून ऑक्सिजनचे चार अणू, त्यातले दोन पाण्यात जातात आणि उरलेल्या दोनांचा मिळून ऑक्सिजनचा एकच रेणू होतो. म्हणजे ६८ ग्रॅममागे २२.४ लिटर.

मग कपाटातल्या तपकिरी बाटलीकडे लक्ष गेलं, वर लिहिलंय २० व्हॉल्यूम. इतके दिवस मला वाटायचं हा कुठला तरी कंपनीचा नंबर असेल, आणि ते तर माझंच उत्तर निघालं की, १ मिलीलिटर द्रावणातून २० मिलीलिटर ऑक्सिजन, म्हणजे साधारण ६ टक्के. १० व्हॉल्यूम म्हणजे ३ टक्के.

फक्त हे सगळं शून्य अंश तापमान धरून हां, २७ अंशाला तोच २० लिटर गॅस २२ लिटर भरतो, आणि २२.४ हा आकडा आपण कुठेही चिकटवत सुटतो. चिमूटभर मँगनीज डायऑक्साइड टाकलं तर त्याचं वजन धरायचं का हा पण घोळ घातला मी, पण तो उत्प्रेरक, गॅस भराभर निघतो, जास्त नाही निघत.

बाटली उघडली तर फुस्स आवाज आला, म्हणजे आतल्या आत विघटन चालूच आहे आणि आता ते २० काही खरं नाही. खरं किती उरलंय ते परमँगनेटच्या टायट्रेशनने (किती परमँगनेट खर्च झालं ते थेंबाथेंबाने मोजून) काढता येतं, पण तिथलं प्रमाण ५ मोल पेरॉक्साइडला २ मोल परमँगनेट आहे हे बघितलं आणि वही मिटली.